सोसायटीचा जुना पेंटियम

जुन्या डिस्कला हात लावताना मी अजून का कचरतो, ते ऐका. दोन हजार तीनच्या सुमारास मला स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचं वेड होतं. घरच्या मशीनवर प्रयोग करायची हिंमत नव्हती, म्हणून मालवणजवळच्या एका मच्छीमार सोसायटीने मोडीत काढलेला पेंटियम कंप्युटर स्वस्तात आणला. त्याच दुपारी माझा प्रोग्राम डिस्कच्या अगदी सुरुवातीला लिहून टाकला.

तेवढ्यात सोसायटीचे कारकून तात्या धापा टाकत आले.

"अरे, चुकीचो कंप्युटर दिलंय तुका! एक होडी वादळात अडकली हा. बंदरवाले खलाशांची नावां मागतत आणि यादी ह्याच्यातच आसा. तू काय केलंस नाय मा?"

"नाय," मी म्हटलं. डिस्कवर कुठे काय आहे याची नोंद तिच्या सुरुवातीलाच असते, आणि माझा प्रोग्राम लिहिताना नेमकी तीच मी पुसली होती. यादी आत होती, पण उघडणार कशी?

"जुनो आसा, वेळ लागतलो," म्हणत मी ती नोंद हिशेब करून हाताने पुन्हा लिहिली. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा यादी उघडली.

तात्यांनी फोनवर सहा नावं वाचली. पाचवं नाव त्यांनी दोनदा वाचलं. ते त्यांच्या मुलाचं होतं.

संध्याकाळी निरोप आला, होडी शिरोड्याला लागली, सगळे सुखरूप. तेव्हा कुठे मी तात्यांना खरं सांगितलं.

"माका कळला होता," तात्या म्हणाले. "तुझो चेहरोच सांगी होतो. पण तेव्हा ओरडलो असतंय, तर तुझे हात चलले नसते."