मिक्सर चालू असताना

“मावशी, चोरून ऐकणाऱ्यांना तुम्ही फसवता तरी कसं?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून दवाखान्याच्या बाकावरच्या वायरलेस इंजिनिअर बाईंना दहावी पास झालेल्या त्या मुलीने विचारलंच.

“दुसरे मोठ्याने बोलत असले, की त्याच रेडिओ लहरींवर आपण हळूच बोलायचं. चोराला नुसती खरखर ऐकू येते.”

“आणि आपल्या माणसाला?”

“कधी, कसं ऐकायचं ते त्याच्याशी आधीच ठरलेलं असतं.”

“अय्या! मी आठवडाभर आईला मिक्सर चालू असतानाच सांगतेय, कॉमर्सला जाणार नाही म्हणून!”

“आईशी ठरवलं होतंस?”

“कुठलं काय! अकरावीच्या फॉर्मची आज शेवटची तारीख!”

“मग पळ की, बाई!”

घरी पोचताच तिने आधी मिक्सर बंद केला.

“आई, बाबा, मी सायन्सच घेणार. मला वायरलेस इंजिनिअर व्हायचंय!”