पहिल्यांदा दाब कमी

नल्लकुंट्यातल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे सासूबाई आत गेल्या होत्या. झोपलेलं लेकरू मांडीवर घेऊन बाहेर बसलेल्या शर्वरीच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

"रेवती, उद्या तुझ्या गाडीची टेस्ट ना? घरी जाऊन तिचं बघ. माझं पुढच्या आठवड्यात करू."

"दोनदा पुढं ढकललंत, अण्णा. गाडीचं सगळं झालंय. ऑइल बदललं, प्लग बदलले, टायरच्या खाचांतले खडेसुद्धा काढले."

"खडे कशाला?"

"इंजिनाची ताकद मोजायच्या डायनोवर गाडी बेल्टनं जखडतात आणि चाकं रोलरवर पळवतात. खडा उडाला तर कुणाला तरी लागेल."

"म्हणजे पळायचं जोरात, पोचायचं कुठंच नाही. मलाही आत तसंच पळवणार."

"तुम्हाला ट्रेडमिलवर नुसतं चालायचंय."

"आणि तू इंजिनाला बसवलेला तो टर्बो फुटला तर? दोन वर्षं खपलीस त्याच्यापायी."

"म्हणून पहिल्यांदा टर्बोतल्या हवेचा दाब कमी ठेवायचा. इंजिनाचा आवाज जरा बदलला, की लगेच पाय उचलायचा."

"तुझा पाय तुझ्या ताब्यात आहे, बेटा. माझ्या वेळी कोण उचलणार?"

"मी दारातच उभी राहते. तुम्ही बस म्हटलं, की मशीन बंद करायला लावते."

"आणि बस म्हणायला दमच नाही उरला तर?"

"तुमचा श्वास ओळखते मी, अण्णा."

"हणमंतरावगारू!" चाचणीच्या खोलीतून अदबीची हाक आली.

"हौ, आलो! रेवती, उद्या तिथं मीही उभा राहणार. आत्ताच सांगून ठेवतो."

"आधी आत तर चला."

शर्वरीनं पाय आखडून दोघांना वाट करून दिली.