नौशादच्या नंबरावरून आलेला फोन

—हसू नका, उकंडराव काका. जनकाबाई भोळी नाई. अख्ख्या धाड गावात कपाशीचं बियाणं तिच्याइतकं पारखून कोणी घेत नाई. फोन आला तवा तिच्या मोबाइलवर नाव काय दिसलं? नौशाद ऑनलाइन. म्हणजे मी! अन् मी त्या वक्ताले याच खुर्चीवर बसून तुमचा सातबारा काढून राह्यलो होतो — माझ्या मोबाइलवरून कॉल गेलाच नाई, दाखवू? मग नाव कसं आलं? ते हरामखोर इंटरनेटवरून फोन लावतात, अन् नंबर पाहिजे तो दाखवतात — माझा दाखवा, तहसीलदाराचा दाखवा. आपला मोबाइल त्या नंबरापुढं जे नाव सेव्ह हाय ते दाखवते, बस. पण आवाज तर माझा नव्हता ना? तरी तिनं बियाण्याच्या टोकनचा — ज्यावर दुकानात थैल्या भेटतात त्याचा — ओटीपी सांगून टाकला. काऊन?

मीच सवय लावली, काका. हाव, मीच — बी.एस्सी. झालेला मी! गर्दी दिसली का सांगतो, वावरात जा, नंबर लागला का फोन करतो, ओटीपी तेवढा सांगा. चार वर्षं हेच. कधी मी बोलतो, कधी हा कामावरचा शकील, कधी आमची फिजा — आवाज कोण ध्यानात ठेवते? अन् नंबर त्याईले कुठून भेटले? हा काय, शटरवर लाइनीचा कागद — सगळ्याईचं नाव, गाव, मोबाइल. मीच चिकटवला. थांबा, फाडतो. शी!

तिच्या टोकनवर दुसऱ्यानंच दोन थैल्या उचलल्या. तो वाण खतम. मृग उलटून चालला, आता बाई बिगर बिलाची थैली पेरीन — उगवली तर उगवली. अन् मी काय केलं? लाइनीतल्या सगळ्याईसमोर तिलेच झापलं — अक्कल हाय का म्हणून! ती एवढंच म्हणे, बेटा, तूच तर मागत होता. चोराईची किळस येते म्हणता? मले माझ्या तोंडाची येऊन राह्यली.

तर ऐका. नाव कोणाचंबी दिसो, फोन कापा. मंग आपण स्वतः लावा, विचारा. ओटीपी कोणालेच नाई — मलेबी नाई. इथं बसून आपल्या बोटानं टाका.

तुमच्या टोकनचा आला मेसेज? टाका — अहो, मोठ्यानं काऊन वाचून राह्यले? लाइन उभी हाय मागं! काय म्हणता — नौशाद तर घरचाच हाय?

उठा. जा घरी. शकील, शटर ओढ.