तोंगब्यातलं चौथं पाणी

दार्जिलिंगच्या स्टँडवर सोनादाला जाणाऱ्या जीपची रांग हलेना. माझं डोकं तापलेलं. पुढे एक म्हातारा आणि त्याची पोरगी बोलत होते.

“बा, उद्या बिजेनच्या घरच्यांना चौरस्त्यावरच्या हॉटेलात भेटू या.”

“तिथल्या चहाच्या पैशात पेमादिदीकडं पोटभर मोमो येतात. वर सूप फुकट.”

“सोयरिकीची बोलणी तोंगब्याच्या गुत्त्यात?”

“मग? आंबवलेल्या नाचणीवर दिदी गरम पाणी ओतत राहते. एका तोंगब्यात अख्खी दुपार निघते. तिसऱ्या पाण्यानंतर कुणाला खोटं बोलता येत नाही. काल त्या पोराला पारखायला तिथंच गेलो होतो.”

“तू नाही म्हणायचं ठरवूनच गेला असशील.”

“ठरवलंच होतं. मफलर गुंडाळून कोपऱ्यात बसलो. तो मित्रांबरोबर होता.”

“काय बोलला?”

“फुटबॉल. नुसतं फुटबॉल. ते ऐकता ऐकता माझ्याच तोंगब्यात चौथं पाणी पडलं.”

“बा, तू काय केलंस?”

“उठून त्याच्या बाकावर गेलो. म्हटलं, मी तिचा बाप. ती गेली तर घरात मी भांडू कुणाशी? आणि रडलो, सगळ्यांदेखत.”

“अरे देवा. तो काय म्हणाला?”

“मित्रांना पुढं धाडलं आणि दिदीला म्हणाला, बांच्या तोंगब्यात अजून पाणी घाल. अंधार पडेपर्यंत बसला माझ्याजवळ.”

“मग उद्या?”

“उद्या फक्त त्याच्या बापाला पारखायचंय.”