बदामी सीटवरचं प्लास्टिक

…आणि लोक विचारतात काय, तर ‘ॲव्हरेज किती देते?’ अहो, नव्या जावयाबद्दल कोणी आधी विचारतं का, ‘जेवतो किती?’ तुम्हाला सांगतो, गाडी आतून बघायची असते, मंडळी, आतून! बाहेरचा रंग सिग्नलवरचे लोक बघतात. आपलं आयुष्य आत जातं. दार लावताना ‘धप्प’ असा भरदार आवाज यावा, पत्र्याच्या पेटीसारखा ‘खण्ण’ नव्हे! एसीचं बटण असं असावं की रस्त्यावरची नजर न काढता बोटांनी ओळखावं. हल्ली ते काढून तिथे काचेचा पडदा बसवतात, गार वारा हवा तर आधी तीन चित्रं दाबा, तोवर पुढ्यात गाय! आणि चकचकीत काळं प्लास्टिक? रायपुरात? सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की दुपारपर्यंत त्यावरच्या धुळीत बोटाने सही करता येते!

म्हणून मी आठ महिने शोध घेतला. शंकर नगरच्या शोरूममधला विक्रेता शेवटी हात जोडून म्हणाला, ‘सर, आपको गाड़ी लेनी है कि सोफा?’ मी म्हणालो, ‘दोन्ही!’ आणि सापडली… बदामी कापडाची सीट, तांबूस धाग्याची दुहेरी शिवण, आणि बावन्न वर्षांच्या कमरेला जिथे आधार हवा, नेमका तिथेच उंचवटा! मी बसलो आणि, खोटं कशाला सांगू, डोळेच मिटले.

गाडी घरी आली. प्रत्येक सीटवर प्लास्टिक. मी कात्री घेऊन निघालो, तर आमच्या सौभाग्यवती, मंदाकिनी, दारात आडव्या!

‘काहून घाई करून राहिले? आमच्याकडे कोऱ्या वस्तूवरचं वेष्टण भाऊच काढते. दादाले येऊ द्या.’

दादा म्हणजे नरहरी, हिचा थोरला भाऊ, सिलतऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. अंतर पंधरा किलोमीटर! फोन केला की, ‘हव, हव, जावईबापू, इस संडे पक्का!’ मार्चचे संडे गेले, एप्रिलचे गेले… कधी भट्टी बंद, कधी माणूस रजेवर… आणि मे उजाडला. पंचेचाळीस डिग्री! प्लास्टिकवर बसायचं म्हणजे तव्यावर बसायचं, आणि उतरताना ‘चर्र’ असा आवाज, की पाठ आत राहिली की बाहेर आली ते चाचपून बघावं! लेक रूपाली मागून किंचाळते, ‘पापा, मैं चिपक गई!’ आणि मी? त्या बदामी कापडापासून एका कागदाच्या अंतरावर, पण स्पर्श नाही! गाडी आतून बघायची असते, मान्य. पण नुसती बघायचीच असते का हो? एकदा गुपचूप कोपरा सोलला, तर घरातून हिचा आवाज, ‘दादाले काय सांगू मी?’ पुन्हा चिकटवला. सेलोटेपने!

…आणि मागच्या रविवारी नरहरी आला! पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला गंध, हातात कात्री. कर्र, कर्र, कर्र… प्लास्टिक निघालं. मी बसलो. काय सांगू, मंडळी! पाठ टेकली, कंबर त्या उंचवट्यात जाऊन विसावली, तळवा कापडावरून फिरवला… गाडी आतून, आतून!

‘जावईबापू, उठा जरा.’

नरहरीने पिशवी उघडली. मरून मखमलीची सीट कव्हरं. सोनेरी झालर. पाठीवर मोर!

‘माहेरचा आहेर आहे. ब्राह्मणपाऱ्याचा टेलर शिवून देऊन नव्हता राहिला, म्हणून तर मी येऊन नव्हतो राहिलो! बदामी रंग दोन दिवसात काळा पडते इथे.’

मंदाकिनीच्या डोळ्यांत पाणी. ‘पाहा, दादाने कितीक विचार केला!’

आता तुम्हीच सांगा, बायकोच्या डोळ्यांत पाणी असताना तिच्या माहेरच्या आहेराला ‘नको’ म्हणणारा पुरुष तुम्ही पाहिला आहे? मीही नाही. मी उठलो. चार मिनिटं बसलो होतो, मंडळी, चार! नरहरीने नाड्या अशा आवळल्या, की भट्टीचं दारसुद्धा कोणी एवढं घट्ट लावत नसेल.

आता सिग्नलला गाडी थांबली की मी मांडीखाली हात घालतो, झालरीतून दोन बोटं आत सरकवतो… मऊ लागतं. सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात, मंदाकिनी विचारते, ‘काय शोधून राहिले तिथे खाली?’

‘सीट,’ म्हणतो मी.