तेलात कालवलेला शेंदूर

शनिवारी तेल-शेंदूर घेऊन मारुतीला निघाले होते. सोनईच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढं दोघी बोलत होत्या.

"छबूबाई, तुमच्या जावयानं ट्रकला लई झगझगीत दिवे बसवलेत म्हनं?"

"व्हय. त्यानं डोळं दिपून आमचे बैल दोनदा गाडीसकट रस्त्याकडंच्या चारीत गेले."

"मग बोलायचं की!"

"जावयाला कसं बोलू? दसऱ्याला म्याच ट्रकची पूजा केली आन् दोन्ही दिव्यांवर तेलात कालवून शेंदूर थापला."

"पुसला आसंल त्यानं."

"देवाचा शेंदूर? हात जोडले! आता दिवस मावळायच्या आत घरी येतोय. लेक खूश हाय."

"आगं बाई, त्या समोरच्या ट्रकला बी तसलेच दिवे हायेत!"

छबूबाई माझ्याकडं वळल्या. "ताई, तुमच्या तबकात शेंदूर दिसतोय…"

मारुतीरायाची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि तेलाची वाटीही पुढं केली.