जिचं दूध, तिचीच पिल्लं?

मी सहसा कोणावर आवाज चढवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण परवा माझं डोकंच फिरलं.

मुरुडजवळ माझी डुकरं आहेत. डुकरांच्या पोटातले जंतू आईबापाच्या रक्तावरून ठरतात की खाण्यावरून, हे शोधायला एक सर यायचे. पिल्लांचं शेण डब्यांत भरायचे, आणि पिल्लू जिला पिताना दिसेल तीच त्याची आई, असं वहीत लिहायचे.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "सर, ह्या पांढऱ्या डुकरिणीला पिणारी सगळी पिल्लं तिची न्हायत. काळीला चौदा झाली, तिचं दूध पुरेना. पाच मी पांढरीखाली लावलीत."

"किती शिकलास?"

"सातवी."

"मग पिल्लं धर, शिकवू नको."

दोन महिने गुमान धरली. परवा सर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तणतणत आले. "पांढरीच्या पाच पिल्लांच्या पोटातले जंतू काळीच्या पिल्लांसारखे कसे? चोरून काय घातलंस खायला? माझं काम नासवलंस!"

चोरून? हातातलं पिल्लू खाली ठेवलं आणि सगळ्यांसमोर ओरडलो, "सर, आई कोण ते शेणातल्या जंतूंना कळलं. तुम्हाला मी तोंडाने सांगितलं, तरी कळलं नाही!"